यंत्राच्या शब्दाचा पन्हा

चंद्रपूरहून मूलमार्गें गडचिरोलीकडे जातांना वैनगंगेच्या अलीकडे सावली हें तालुक्याचें गांव लागतें. भोंवतीं धानाचीं शेतें आणि शेतांपलीकडे जंगल. १९३६ सालीं फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत येथें गांधी सेवा संघाचें अधिवेशन भरलें होतें व त्यास स्वतः महात्माजी उपस्थित होते. तेव्हां हा सारा मुलूख चांदा जिल्ह्यांत मोडत असे. गडचिरोलीचा स्वतंत्र जिल्हा होण्यास आणखी सेहेचाळीस वर्षें लागावयाचीं होतीं. त्या दिवसांत जेथें चरख्याची चर्चा होई तेथें मागाचीहि होई, आणि मागावर बसणाऱ्यास एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाहीं. फणी जेवढी रुंद तेवढाच कापडाचा पन्हा. त्याहून रुंद कापड हवें असेल तर दोन पट्टे विणून मध्यें शिवण घालावी, नाहीं तर मागच मोठा करावा. पहिल्या उपायास वेळ लागतो आणि शिवण दिसते. दुसऱ्यास पैसा लागतो. हीच अडचण, हेच दोन उपाय आणि खर्चाचा हाच वाद संगणकयंत्रांच्या इतिहासांत १९४६ पासून आजपर्यंत चालत आलेला आहे.

यंत्राच्या पन्ह्याला ‘शब्द’ असें म्हणतात. नांव थोडें फसवें आहे, कारण त्याचा भाषेशीं प्रत्यक्ष संबंध नाहीं. मात्र त्याचें स्वरूप समजण्यास छंदःशास्त्रासारखें दुसरें साधन नाहीं. पिंगलाचार्यांनीं अक्षरांचे दोनच प्रकार मानले, लघु आणि गुरु. आणि अमुक इतक्या अक्षरांच्या चरणांत त्यांच्या किती मांडण्या संभवतात याचा प्रस्तार सांगितला. एका अक्षराच्या दोन, दोहोंच्या चार, तिहींच्या आठ. शाळेंत ‘यमाताराजभानसलगा’ घोकलेल्या प्रत्येकास हे आठ गण ठाऊक असतात. पुढें एकेका अक्षरागणिक मांडण्या दुप्पट होत जातात. बारा अक्षरांच्या चरणाच्या ४,०९६ होतात व भुजंगप्रयात ही त्यांतली एक. यंत्रहि दोनच स्थिति ओळखतें. तारेंत वीज आहे किंवा नाहीं. लोखंडी कडें या दिशेनें चुंबकित आहे किंवा त्या दिशेनें. अशा एका जागेस बिट म्हणतात. तिला येथें ‘घर’ म्हणणें सोयीचें होईल. जेवढीं घरें यंत्र एका वेळीं उचलतें, बेरजेस घेतें आणि परत जागेवर ठेवतें, तेवढ्या घरांचा त्याचा शब्द. बेरीज शब्दांत मावली नाहीं तर यंत्र पुष्कळदां तक्रारहि करीत नाहीं. वरचें घर गळून पडतें आणि उरलेलीं घरें उत्तर म्हणून पुढें चालूं लागतात. शिवण निदान दिसते तरी. ही गळती दिसत नाहीं.

भारतांत स्वतः बांधावयाच्या मोठ्या यंत्राचा पन्हा ठरविण्याचा प्रसंग प्रथम मुंबईस आला. डॉ. होमी भाभा यांनीं १९४५ सालीं स्थापिलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९५४ मध्यें रंगस्वामी नरसिंहन दाखल झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखालीं तरुण अभियंत्यांच्या एका गटानें गणकयंत्राची उभारणी हातीं घेतली. आधीं १९५६ मध्यें एक लहान नमुना-यंत्र चालतें झालें. मोठें यंत्र फेब्रुवारी १९६० मध्यें कामास लागलें आणि जानेवारी १९६२ मध्यें, संस्थेच्या नव्या वास्तूच्या समारंभास पंडित नेहरू आले असतां, त्याचें ‘टिफरॅक’ असें नामकरण झालें. या टिफरॅकचा शब्द चाळीस घरांचा होता.

चाळीसच कां, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. हा आंकडा मुंबईंत जन्मलेला नव्हे. अमेरिकेंत प्रिन्स्टन येथील प्रगत अध्ययन संस्थेंत जॉन फॉन नॉयमन, आर्थर बर्क्स व हर्मन गोल्डस्टाइन यांनीं १९४६ सालीं एक टिपण लिहिलें. त्यांत यंत्राची जी रचना मांडली होती तिच्यावरून पुढें देशोदेशीं यंत्रांचें एक कुळच निपजलें; टिफरॅकहि त्याच कुळांतलें. चाळीस घरांपैकीं एक घर धन कीं ऋण हें सांगण्यास दिलें तर एकोणचाळीस उरतात, आणि त्यांत ५४,९७५ कोटी ५८ लाख १३ हजार ८८७ पर्यंतची संख्या मावते. म्हणजे दशमान पद्धतींत जवळजवळ बारा अंक. शिवाय यंत्रास द्यावयाची एक आज्ञा वीस घरांत बसत असल्यामुळें एका शब्दांत दोन आज्ञा नेमक्या मावत. संख्येची गरज आणि आज्ञेची गरज अशा दोन्हींचा मेळ बसला तो चाळीसवर.

पदार्थविज्ञानाच्या कुठल्याहि प्रयोगांत बारा अंकांइतकें अचूक मोजमाप क्वचितच होतें. मग इतक्या अंकांची चैन कशासाठीं? तर यंत्र एक गुणाकार करून थांबत नाहीं. चाळीस घरांच्या दोन संख्यांचा गुणाकार ऐंशी घरांचा होतो. त्यांतलीं खालचीं चाळीस कापून टाकावीं लागतात. कापलेला तुकडा क्षुल्लक असतो, परंतु त्याच उत्तरावर पुढचें गणित, त्यावर त्याच्या पुढचें, अशीं लाखों गणितें होतात आणि क्षुल्लक तुकडे सांठत जातात. शेवटीं चार अंक बरोबर हवे असतील तर आरंभीं बारा बाळगावे लागतात. दूरच्या प्रवासास निघणारा वाटेंतल्या गळतीचा हिशेब धरून जास्त पाणी भरून घेतो, तसाच हा प्रकार.

हें पाणी कमी भरल्यानें काय होतें याचें एक दारुण उदाहरण पुढें १९९१ च्या आखाती युद्धांत घडलें. शत्रूचीं क्षेपणास्त्रें आकाशांतच पाडण्यासाठीं नेमलेल्या अमेरिकेच्या पेट्रिअट यंत्रणेंत वेळ सेकंदाच्या दशांशांत मोजीत, आणि त्या गणितास चोवीस घरें दिलेलीं होतीं. एक दशांश हा अपूर्णांक आपल्या लेखनांत ०.१ असा सुटसुटीत दिसतो. पण यंत्राच्या द्विमान लेखनांत तो, एक तृतीयांश दशमानांत जसा, कधींच संपत नाहीं. चोवीस घरांवर तो कापला गेला. यंत्रणा शंभर तास अखंड चालू राहिल्यावर त्या कापाकापीची चूक सेकंदाच्या एक तृतीयांशाएवढी झाली, आणि तेवढ्यांत क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढें सरकतें. २५ फेब्रुवारी १९९१ रोजीं सौदी अरबस्तानांतील धाहरान येथें यंत्रणेनें चुकीच्या जागीं पाहिलें, आणि अठ्ठावीस सैनिक मरण पावले.

तर चाळीस घरें म्हणजे चैन नव्हती. परंतु त्यांची किंमत मोठी होती. टिफरॅकसारख्या यंत्रांत शब्दाचीं सर्व घरें एकाच वेळीं हलत, म्हणून प्रत्येक घरामागें स्वतंत्र सरंजाम लागे. त्यांत सुमारें २,७०० व्हॉल्व्ह होते, आणि व्हॉल्व्ह तापत, जळत, बदलावे लागत. स्मृति होती २,०४८ शब्दांची. प्रत्येक बिटास एक याप्रमाणें फेराइटचीं बारीक कडीं तारांच्या जाळ्यांत ओवलेलीं. २,०४८ गुणिलें ४० म्हणजे ८१,९२० कडीं. शब्दाला एक घर वाढवावयाचें तर २,०४८ कडीं आणखी ओवावयाचीं, आणि त्या घराचे व्हॉल्व्ह, तारा, विजेचा खर्च निराळा. आजच्या एखाद्या साध्या मोबाइल फोनपुढें ही स्मृति म्हणजे कांहींच नव्हे, हें खरें. पण पन्ह्याचें मोल ज्यांनीं हातानें मोजलें ते हे लोक होते, आणि पुढील पिढ्यांनीं ज्या सहजतेनें घरें उधळलीं किंवा ज्या निष्काळजीपणानें कमी दिलीं ती त्यांना परवडण्यासारखी नव्हती.

टिफरॅक जन्मला तेव्हां जगांत व्हॉल्व्हचे दिवस संपत आले होते. १९६४ मध्यें त्याच संस्थेंत सी.डी.सी. ३६०० हें ट्रान्झिस्टरचें अमेरिकन यंत्र आलें. त्याचा शब्द अठ्ठेचाळीस घरांचा, स्मृति ३२,७६८ शब्दांची. पन्हा बदलला कीं जुन्या मागावरची फणी नव्यास बसत नाहीं. टिफरॅककरितां त्याच्या आज्ञांत लिहिलेलें काम नव्या यंत्रास जसेंच्या तसें समजणें शक्यच नव्हतें. मात्र नव्या यंत्राबरोबर फोर्ट्रान ही भाषा होती. १९५७ सालीं आय.बी.एम. कंपनीनें प्रसिद्ध केलेल्या या भाषेंत माणसानें बीजगणितासारखीं सूत्रें लिहावीं आणि कंपायलर नांवाच्या एका आज्ञावलीनें त्यांचें यंत्राच्या आज्ञांत भाषांतर करावें, अशी सोय होती. आतां घरें मोजण्याचें काम माणसाच्या हातून कंपायलरच्या हातीं गेलें. सोय झाली खरी. पण ज्याच्या हातून मोजणें सुटतें त्याच्या मनांतूनहि तें सुटतें.

त्याच १९६४ च्या एप्रिलमध्यें आय.बी.एम.नें सिस्टिम ३६० या यंत्रकुळाची घोषणा केली. त्यापूर्वीं शास्त्रीय गणितांसाठीं छत्तीस घरांचा शब्द पुष्कळ रूढ होता, कारण त्यांत चिन्हासकट दहा दशमान अंक मावत आणि मेजावरच्या गणितयंत्रांची तीच सवय होती. आय.बी.एम.नें आठ घरांचा एक ‘बाइट’ आणि चार बाइटांचा, म्हणजे बत्तीस घरांचा, एक शब्द ठरविला. व्यापारी हिशेबास व अक्षरांस हें फार सोयीचें पडलें. शास्त्रज्ञांचीं मात्र चार घरें गेलीं, आणि काल बरोबर येणारीं उत्तरें नव्या यंत्रावर शेवटच्या अंकांत डळमळूं लागलीं. त्यांना दोन शब्द जोडून गणितें करावीं लागलीं. शिवण आली. तरीहि जगानें आठाच्या पटीच स्वीकारल्या, आणि चाळीस, अठ्ठेचाळीस, छत्तीस हे आंकडे हळूहळू नाहींसे झाले. शास्त्राच्या सोयीवर बाजारानें केलेली ही मात आहे; आणि ती अगदींच अन्यायाची होती असेंहि म्हणवत नाहीं, कारण जगांत गणितांपेक्षां पत्रव्यवहार जास्त.

यानंतरचा घोटाळा भाषांतला आहे आणि तो अजून निस्तरला गेलेला नाहीं. अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन यांनीं बनविलेल्या ‘बी’ भाषेंत वस्तूंचा एकच प्रकार होता: यंत्राचा शब्द. ज्या यंत्रावर ती जन्मली त्याचा शब्द अठरा घरांचा होता. पुढें सोळा घरांचें पी.डी.पी. ११ हें यंत्र आलें. त्यांत एकेका बाइटासहि स्वतंत्र पत्ता होता, आणि ‘शब्द’ या एकाच कल्पनेवर भागेना. तेव्हां डेनिस रिची यांनीं ‘बी’ची ‘सी’ केली व तीस निरनिराळे प्रकार दिले. पूर्णांकासाठीं ‘इंट’ हा प्रकार आला, आणि इंट किती घरांचा हें भाषेनें ठरविलें नाहीं. ज्या यंत्रास जें सोयीचें तें. प्रमाणकानें पुढें एवढेंच सांगितलें कीं तो सोळाहून कमी नसावा. सोळा घरांत, चिन्ह धरून, ३२,७६७ पर्यंतची संख्या मावते. बत्तीस घरांत २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ पर्यंतची. एकच लेख एका यंत्रावर बरोबर उत्तर देतो आणि दुसऱ्यावर चूक, असा प्रकार यांतून सुरू झाला.

नांवांचा गोंधळ तर याहून गंमतीचा आहे. इंटेल कंपनीनें १९७८ मध्यें ८०८६ हा प्रोसेसर काढला; त्याचा शब्द सोळा घरांचा. १९८५ च्या ८०३८६ चीं घरें बत्तीस झालीं, आणि २००३ मध्यें एएमडी कंपनीनें तोच वंश चौसष्टवर नेला. तरीहि या वंशाच्या पुस्तकांत ‘शब्द’ म्हणजे आजहि सोळा घरें. बत्तीस म्हणजे ‘दुहेरी शब्द’ आणि चौसष्ट म्हणजे ‘चौपट शब्द’. शहराचा विस्तार झाला तरी जुन्या वेशीस वेस म्हणावें, त्यांतलाच हा प्रकार. ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्राचा सारा कारभार पाहणारी आज्ञावली, हीहि आपापला जुना संसार घेऊन चालते. चौसष्ट घरांच्या एकाच प्रोसेसरवर लिनक्समध्यें सी भाषेचा ‘लाँग’ हा प्रकार चौसष्ट घरांचा आहे. विंडोजमध्यें तोच बत्तीसांचा, कारण बत्तीस धरून लिहिलेल्या जुन्या लेखांचा खोळंबा होऊं नये. दोन्ही निर्णयांस कारणें आहेत. मात्र एकीकडून दुसरीकडे जाणाऱ्यानें घरें मोजलीं नाहींत तर त्याचें नुकसान ठरलेलेंच. युरोपच्या एरियन ५ या अग्निबाणाचें पहिलें उड्डाण ४ जून १९९६ रोजीं चाळीस सेकंदांच्या आंतच आटोपलें, तें चौसष्ट घरांची एक संख्या सोळा घरांत कोंबतांना ती ३२,७६७ च्या पुढें गेल्यामुळें. ती कोंबणारी आज्ञावली जुन्या एरियन ४ वरून उचललेली होती, आणि तेथें ती संख्या तेवढी मोठी कधीं झालीच नव्हती.

यूनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या घड्याळांत अशीच एक मर्यादा दडलेली आहे. तें घड्याळ १ जानेवारी १९७० पासून लोटलेले सेकंद मोजतें, आणि पुष्कळ काळ त्या मोजणीस चिन्हासकट बत्तीस घरें दिलेलीं होतीं. तीं १९ जानेवारी २०३८ रोजीं, भारतीय वेळेप्रमाणें सकाळीं ८ वाजून ४४ मिनिटें ७ सेकंदांनीं भरतात. पुढच्याच सेकंदास असें घड्याळ डिसेंबर १९०१ मध्यें जाऊन उभें राहील. आणि तेव्हां तर भारतीय प्रमाणवेळहि अस्तित्वांत नव्हती, ती १९०६ पासून सुरू झाली. मोठ्या यंत्रांत सेकंदांस चौसष्ट घरें मिळालीं असून तीं सुमारें २९ हजार कोटी वर्षें पुरतील. भिंतींत, खांबांवर, कारखान्यांत एकदां बसवून विसरलेल्या लहान यंत्रांची गोष्ट वेगळी.

या साऱ्याचा सावलीसारख्या गांवाशीं संबंध काय, असें कोणी म्हणेल. संबंध अगदीं रोजचा आहे. एखाद्या तालुक्याच्या कचेरीनें आपली जमा पैशांत मांडून बत्तीस घरांच्या पूर्णांकांत ठेवली, तर ती २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे इतकीच मावेल. त्यावर एक पैसा पडला कीं जमेचें ऋण होईल. २९ सप्टेंबर २०१० रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या आदिवासी गांवीं पहिले आधार क्रमांक दिले गेले. हा क्रमांक बारा अंकी. बत्तीस घरांत, चिन्हाचें घरहि संख्येस दिलें तरी, ४२९ कोटींच्या थोडें पुढेंच जातां येतें. लोकसंख्येस तें पुरेल, पण बारा अंकांस पुरत नाहीं. चाळीस घरांत मात्र १ लाख ९ हजार ९५१ कोटींच्या वर मांडण्या होतात. म्हणजे रेशनच्या दुकानांत दाखविला जाणारा तो क्रमांक १९६० सालच्या टिफरॅकच्या एका शब्दांत सरळ मावला असता, आणि त्यानंतर कित्येक वर्षांनीं आलेल्या बत्तीस घरांच्या यंत्रांत त्यास शिवण घालावी लागली असती.

संख्यांचें असें, अक्षरांचें दुःख याहून जुनें आहे. सी.डी.सी. ३६०० च्या अठ्ठेचाळीस घरांच्या शब्दांत सहा घरांचें एक याप्रमाणें आठ अक्षरें बसत. सहा घरांच्या मांडण्या चौसष्ट. त्यांत रोमन लिपीचीं मोठीं अक्षरें, अंक आणि विरामचिन्हें बसलीं, कीं जागा संपली. इंग्रजीच्या लहान अक्षरांसहि जेथें थारा नाहीं तेथें देवनागरीचें नांव कोण काढणार? आठ घरांचा बाइट आल्यावर मांडण्या २५६ झाल्या. त्यांतल्या अर्ध्या रोमनने घेतल्या आणि उरलेल्या अर्ध्यांत भारतीय लिपि बसविण्याचें काम कानपूरच्या आय.आय.टी.त व पुढें पुण्यास १९८८ मध्यें स्थापन झालेल्या सी-डॅकमध्यें झालें. भारतीय मानक ब्यूरोनें १९९१ मध्यें त्याचें ‘इस्की’ हें प्रमाणक केलें. स, काना, व, ल आणि दीर्घ वेलांटी, अशीं ‘सावली’चीं पांच चिन्हें, प्रत्येकीं आठ घरें धरलीं तर बरोबर चाळीस. गांवाचें नांव टिफरॅकच्या एका शब्दांत तंतोतंत बसतें. पण टिफरॅकच्या काळीं या चिन्हांस क्रमांकच नव्हते, आणि क्रमांक आले तेव्हां टिफरॅक नव्हता.

इस्की होऊनहि घोळ मिटला नाहीं. छपाईच्या सोयीसाठीं अनेक टंकांनीं त्या २५६ जागांत अक्षरांचे तुकडे आपापल्या मर्जीनें बसविले. एका टंकांत जेथें ‘क’ तेथें दुसऱ्यांत भलताच काना. त्या काळीं टंकलेलीं कितीतरी मराठी पुस्तकें, कागद आणि नोंदी आज मूळ टंकावांचून उघडल्या तर अर्थहीन खुणांचा ढीग दिसतात.

यावर उपाय म्हणून जगांतल्या सर्व लिपींना एकच माप लावणारा यूनिकोड १९९१ मध्यें निघाला. त्यानें प्रत्येक चिन्हास सोळा घरें दिलीं. ६५,५३६ जागा जगाला पुरतील असा तेव्हां समज होता. देवनागरीस २,३०४ क्रमांकापासून १२८ जागा मिळाल्या व त्यांची मांडणी इस्कीवरूनच घेतली गेली. सोळा घरांचें हें माप धरून विंडोज आपलीं अक्षरें ठेवूं लागली. १९९५ मधल्या जावा व जावास्क्रिप्ट या भाषांनींहि तेंच धरलें. पण १९९६ मध्येंच सोळा घरांची वेस ओलांडावी लागली आणि एकंदर जागा अकरा लाखांच्या वर नेण्यांत आल्या. ज्यांचीं पायाभूत मापें सोळावर ठरून गेलीं होतीं त्यांनीं विणकराचा पहिला उपाय केला: वेशीबाहेरच्या अक्षरासाठीं सोळा घरांचे दोन तुकडे शिवावयाचे.

वेशीबाहेर कोण राहिलें? मराठीची मोडी लिपि २०१४ मध्यें यूनिकोडांत आली. तिचा पहिला क्रमांक ७१,१६८. आणि चांद्याच्या मुलुखास ज्यांच्यामुळें हें मोठें आहे त्या गोंडांच्या लिपि त्याहून उशिरा आल्या. बालाघाटच्या मंगलसिंह मसराम यांनीं १९१८ मध्यें रचलेली मसराम गोंडी २०१७ मध्यें, ७२,९६० क्रमांकापासून. आणि चंद्रपूर जिल्ह्यास लागून असलेल्या आदिलाबादकडील गुंजाळा गांवच्या हस्तलिखितांतून उजेडांत आलेली गुंजाळा गोंडी २०१८ मध्यें, ७३,०५६ पासून. चांद्यास राजधानी करून ज्यांनीं शतकानुशतकें राज्य केलें त्यांच्या वंशजांच्या लिपींस हे क्रमांक मिळाले, ते ६५,५३५ च्या पुढचे. क्रमांक उशिरा मिळणें एक वेळ सोसेल. पण ज्या आज्ञावलींनीं दुसऱ्या तुकड्याची सोय पाहिलीच नाहीं, त्या शिवणीवरच कात्री चालवितात, आणि अक्षराच्या जागीं दोन रिकामे चौकोन उमटतात.

हातांतल्या फोनचा प्रोसेसर एव्हांना चौसष्ट घरांचा झालेला आहे. चौसष्ट घरांत मावणारी सर्वांत मोठी संख्या १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरांत एक आणि पुढें दुप्पट दुप्पट दाणे मागणाऱ्याची जुनी गोष्ट सांगतात, तिच्यांतल्या राजास द्यावे लागणारे दाणे नेमके इतकेच. गोंडी अक्षराचा क्रमांक लिहावयास सतरा घरें पुरतात. मात्र ‘या लेखांत चिन्हें किती’ असें जावास्क्रिप्टला नेहमींच्या रीतीनें विचारलें, तर ती अजून सोळा घरांचे तुकडे मोजते. ‘सावली’ हें नांव देवनागरींत लिहिलें तर ती पांच सांगते, आणि तीं पांचच असतात. गांवाच्या पाटीवर तेंच नांव मसराम गोंडींत लिहिलें, तर चिन्हें जितकीं असतील त्याच्या दुप्पट आंकडा ती सांगते.